लिंबाच्या वासाच्या बश्या

"हात दाखव."

मी दाखवले. दोन्ही. तळवे वर करून, शाळेत नखं तपासायला करायचो तसे.

सर वाकले. हातांना नाक लावायची त्यांची हिंमत नव्हती, वीतभर वरूनच हुंगलं आणि चेहरा आंबट करून मागे सरकले. त्यांच्यामागे शहरातून आलेले चार विद्यार्थी पांढरे कोट घालून उभे होते. त्यांतली एक मुलगी खिदळली. सरांनी तिला गप्प केलं नाही. ते मॅडमकडे वळून म्हणाले, "हिला बाहेर नळावर साबणाने तीनदा हात धुवायला लावा. रोज. तुम्ही वास घ्या, मगच आत."

मी नळावर गेले. लिंबाच्या वासाचा पातळ साबण होता, हिरव्या बाटलीत. एकदा धुतले, दोनदा धुतले, तीनदा धुतले. मॅडमनी वास घेतला आणि म्हणाल्या, "अजून येतोय." चौथ्यांदा धुतले. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. प्राणिशास्त्रात पहिल्या वर्गात बीएस्सी झालेली. आणि मी "हो मॅडम" म्हणाले. त्याची लाज मला अजून वाटते. त्यांच्या वागण्यापेक्षा जास्त वाटते.

मालवणजवळ किनाऱ्यावर एक जुना बंगला भाड्याने घेऊन त्यांनी प्रयोगशाळा थाटली होती. सर मोठे शास्त्रज्ञ. महिन्यातून दोनदा यायचे. मॅडम त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट करत होत्या, त्या तिथेच राहायच्या. मी मदतनीस. माझं काम ओहोटीला खडकांत उतरायचं, सी अर्चिन गोळा करायचे आणि समुद्राचं पाणी भरून आणायचं. सी अर्चिन म्हणजे काळ्या काट्यांचा गोळा. आमच्याकडे त्याला कोणी खात नाही. काटा पायात मोडला की लोक त्याच्या नावाने शिव्या घालतात, एवढीच त्याची ओळख.

माझी आई मालवणच्या बाजारात मासे विकते. सकाळी तिची टोपली स्कूटरवरून बाजारात पोचवायची आणि मग कामावर जायचं, हा माझा रोजचा क्रम. म्हणून हातांना वास. त्यात लपवायचं काय होतं, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. गंमत पाहा, दुपारी सरांच्या ताटात सुरमई लागायची. ती सुरमई मॅडम आईकडूनच घ्यायच्या. आई ती स्वतःच्या हाताने साफ करून, तुकडे करून द्यायची. सर काटे चोखून चोखून खायचे आणि म्हणायचे, "इथल्या माशाची चवच वेगळी." तोंडाला चालत होता तो हात. काचेला चालत नव्हता.

आता ते करत काय होते ते सांगते. कारण काम खरंच सुंदर होतं. त्याचा तिरस्कार मी कधीच केला नाही, आजही करत नाही.

सी अर्चिनला एका क्षाराची सुई टोचली की मादी नारिंगी अंडी सोडते आणि नर पांढरं पाणी. दोन्ही एकत्र केली की मिनिटभरात अंड्याभोवती एक पारदर्शक पापुद्रा फुगून वर येतो. एक शुक्रजंतू आत गेला, आता दुसऱ्याला दार बंद. मग तासाभरात एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. संध्याकाळपर्यंत एक पोकळ चेंडू गरगर फिरत पोहायला लागतो. हृदय नाही, डोळा नाही, तोंडसुद्धा नाही, आणि तरी तो फिरतोय.

त्या चेंडूला मॅडम काचेच्या बारीक सुईने भोक पाडायच्या. भोक पाडलं की त्या जागी कॅल्शियमची एक लाट उसळते. त्यांनी घातलेल्या रंगामुळे ती चमकताना दिसायची. त्यानंतर जखमेच्या कडेकडेने ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचं एक कडं तयार होतं आणि ते कडं आवळायला लागतं. बटव्याची नाडी ओढावी तसं तोंड मिटत जातं. काही मिनिटांत भोक नाहीसं. वण नाही, खूण नाही, खपली नाही. मोठ्या जनावराची जखम भरते, पण वण ठेवून. गर्भाची भरते ती अशी की झालीच नव्हती. ते कसं घडतं, कोणत्या रेणूने कोणाला निरोप दिला, हे त्यांना शोधायचं होतं.

सुरुवातीच्या महिन्यात सर तिकडे फिरकले नव्हते आणि मॅडमना मदत हवी होती. तेव्हा एकदा मी ते स्वतः पाहिलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून श्वास रोखून बसले होते. भोक मिटलं तेव्हा मी मोठ्याने "आवशी!" म्हणाले. मॅडम हसल्या होत्या. तेव्हा हसल्या होत्या, हेही सांगायला हवं. त्या दिवशी मी घरी येऊन वहीत सगळं चित्र काढून ठेवलं आणि ठरवलं, एमएस्सी करायची ती याच विषयात.

मग सर आले. माझे हात हुंगले. आणि मॅडमही बदलल्या, लगेच, उतार मिळेल तिकडे पाणी वळावं तशा.

नळावरची हजेरी सुरू झाली. त्याच्यावर आणखी एक नियम मॅडमनी स्वतःच्या डोक्याने काढला. मी हाताळलेली प्रत्येक काचेची बशी त्या पुन्हा त्याच लिंबाच्या साबणाने घासून घ्यायच्या, मग नळाखाली धरायच्या आणि फडताळात पालथी घालायच्या. मी समोर उभी असताना. "तू वाईट वाटून घेऊ नको हं, पण सर फार पर्टिक्युलर आहेत." घासताना हातात मोजे. माझ्यासमोर, माझ्यासाठी, मोजे.

आणि जीव मरायला लागले.

पापुद्रा नीट फुगेना. दोनाचे चार होईपर्यंत कसंबसं जायचं आणि मग पेशी एकमेकींपासून सुटायच्या. सकाळी बशीत पाहावं तर तळाशी नुसता भुगा. एक खेप गेली. दुसरी गेली. तिसऱ्या खेपेला सर स्वतः हजर होते. भुगा पाहून ते माझ्याकडे वळले. मॅडमकडे नाही, पाण्याकडे नाही, यंत्राकडे नाही. थेट माझ्याकडे.

"काय घेऊन येतेस तू आत?"

"काही नाही सर."

"मासळी बाजारातून सरळ इथे. काय अपेक्षा करायची?"

आणि त्यांनी नोंदवही ओढली. प्रयोगशाळेत रोजची नोंद इंग्रजीत व्हायची. सरांनी माझ्यासमोर लिहिलं. त्यांना वाटलं असेल मला वाचता येणार नाही. मराठीत सांगायचं तर ती ओळ अशी होती: "तिन्ही खेपा वाया. कारण: स्थानिक मदतनीसाच्या हातांची अस्वच्छता. महिनाअखेर बदली माणूस घ्यावा." खाली सही.

ही नोंदवही दर महिन्याला त्यांच्या मुख्य संस्थेत जाते आणि तपासून परत येते. मला ज्या विषयात शिकायचं होतं त्यातली माणसं मोजकी, सगळी एकमेकांना ओळखणारी. कुठल्याही दारात गेले की मागची नोंद विचारणार. ती एक ओळ माझ्या पुढे चालत जाणार होती. नोकरी गेली असती तर मी दुसरी पाहिली असती. ती ओळ मला कुठेच आत येऊ देणार नव्हती.

घरी येऊन मी आईला सांगितलं. वाटलं होतं ती भडकेल. ती आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून बांगडे साफ करत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतले. रक्ताने, खवल्यांनी भरलेले हात, पदराखाली.

"उद्यापासून माझी टोपली तू नेव नको गो," ती म्हणाली. "मी रिक्षान जाईन. तू साबू लाव, काय जाता तुझा? नोकरी सांभाळ."

मला त्या क्षणी सरांचा जेवढा राग आला तेवढा आधी कधी आला नव्हता. माझे हात हुंगले ते मी सोसलं. माझ्या आईने तिच्या स्वतःच्या घरात हात लपवावेत? ज्या हातांनी मला बीएस्सी केलं ते? मी उठून अंगणात आले. रडू येत होतं, ते रागाचं होतं.

अंगणात बाबांची बादली पालथी होती. बाबा गरीने मासे धरतात. गरीला लावायला त्यांना जिवंत कोळंबी लागते, ती या बादलीत ठेवतात. या बादलीला घरात कोणी साबण लावत नाही. मी दहा वर्षांची असताना लावला होता. बाबांना खूश करायला म्हणून धुण्याची पावडर घालून ती बादली आरशासारखी घासली होती. पहाटे त्यांनी कोळंबी सोडली आणि होडी खाडीबाहेर जायच्या आत सगळी मेली. बाबा परत आले. मारलं नाही. बादली माझ्या हातात दिली, किनाऱ्यावर नेलं, वाळूने घासून समुद्राच्या पाण्याने दहा वेळा विसळायला लावली. एवढंच म्हणाले, "जित्या सुंगटांच्या भांड्याक साबू लावचो नाय. धुतलो तरी तो रवता."

धुतला तरी तो राहतो.

मी त्या बादलीकडे बघत उभी राहिले आणि तारखा मोजल्या. पहिला महिना: कोऱ्या बश्या, खोक्यातून काढलेल्या. सगळे जीव जगले. माझे हात तेव्हाही मासळीचेच होते. मग सर आले. मग साबण. ज्या दिवसापासून माझे हात स्वच्छ झाले त्या दिवसापासून जीव मरत होते. मला हसू आलं. आई आतून म्हणाली, "काय झाला गो?" मी म्हटलं, "काय नाय. माका कळला."

रविवारी मॅडम सावंतवाडीला गेल्या होत्या. किल्ली माझ्याकडे असायची. सकाळी खोक्यातल्या दोन कोऱ्या बश्या घेतल्या, समुद्राच्या पाण्याने विसळल्या. फडताळातल्या दोन घेतल्या, लिंबाच्या वासाच्या. हात नळावर धुतले नाहीत. आईची टोपली मुद्दाम स्वतः पोचवून आले होते, तसेच समुद्राच्या पाण्यात बुडवले. एकाच मादीची अंडी, एकाच नराचं पाणी, चार बश्यांत सारखं वाटून घातलं. संध्याकाळी माझ्या दोन बश्यांत चेंडू गरगर फिरत होते. फडताळातल्या दोन बश्यांत भुगा. सोमवारी मॅडमच्या देखत पुन्हा केलं. मंगळवारी पुन्हा. मॅडमनी हिरवी बाटली उचलून कपाटात ठेवली.

सर आले तेव्हा मी त्यांच्यासमोर बश्या मांडल्या. त्यांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं. "हं" म्हणाले. मग शेल्फवरून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं, पानं उलटली, एका जागी थांबले. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. लिहिलं होतं की गर्भांची भांडी वेगळी ठेवावीत आणि त्यांना साबणाचा स्पर्शही होऊ देऊ नये. त्यांच्या स्वतःच्या पुस्तकात. त्यांच्या स्वतःच्या शेल्फवर. आयुष्यभर उंदरांवर काम केलेला हा माणूस समुद्राच्या जिवावर काम करायला आला आणि त्याने पहिलं पानसुद्धा उघडलं नव्हतं. माझे हात हुंगायला मात्र त्याला वेळ होता.

"बरोबर," पुस्तक मिटून ते म्हणाले. "हे आपल्याला माहीतच होतं. मॅडम, यापुढे साबण बंद."

माझ्याशी एक शब्द नाही.

पुढचे दोन महिने काम धडाक्यात चाललं. मला काढलं नाही, कारण मी नसते तर खडकात कोण उतरणार? जखम मिटतानाची अख्खी चित्रफीत तयार झाली. आणि मग तो दिवस आला. मुख्य संस्थेतून तीन पाहुणे तपासणीला येणार होते, त्यांना जिवंत प्रयोग दाखवायचा होता. मी पहाटेच्या ओहोटीला उतरून बारा सी अर्चिन आणले, निवडून, एकही काटा न मोडता. बाबांच्या बादलीत.

सरांनी पाहुण्यांना सांगितलं, "सुरुवातीला अडचणी आल्या. पण आम्ही साबणमुक्त पद्धत बसवली आणि प्रश्न सुटला." मी बादली घेऊन दाराशी उभी होते. मग त्यांनी मला पुढे बोलावलं. "आणि ही आमची लोकल मदतनीस. फार प्रामाणिक आहे." मॅडमनी माझ्या हातात चकचकीत कागदातली एक पेटी दिली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कागदावरूनच वास येत होता. सुगंधी साबणांची पेटी.

त्यांनी ती मुद्दाम दिली नव्हती, हे मला माहीत आहे. मुद्दाम दिली असती तर निदान एवढं तरी म्हणता आलं असतं की त्यांना काही आठवतंय. त्यांच्या डोक्यात ते काही उरलंच नव्हतं. वण माझ्या अंगावर होता, त्यांच्या नव्हता.

मी पेटी टेबलावर ठेवली.

"सर, नोंदवहीतली ती ओळ. माझ्या हातांची. तिच्याखाली खरं कारण लिहा आणि सही करा."

"आत्ता? पाहुणे आहेत."

"त्यांच्यासमोरच लिहा."

सर हसले. हसू पाहुण्यांसाठी होतं. "अगं, ती जुनी ओळ कोण वाचतंय? एवढं असेल तर पान फाडून टाकतो."

"फाडायचं नाही. फाडलं तर तुम्ही लिहिलं होतं हेही जाईल. खाली लिहा."

त्यांचं हसू गेलं. आवाज खाली आला. "तू मला शिकवणार? नोंदवही सरकारी कागद आहे, त्यात मागाहून काही घालता येत नाही. जा, बादली ठेव आणि बाहेर थांब."

इतके महिने मी त्या घरात शुद्ध बोलले होते. कचेरीत बोलतात तसं. त्या क्षणी ती भाषा तोंडातून निघून गेली.

"माझो हात घाण नाय," मी म्हणाले. "तुमचो साबू घाण. तुमका कळला, तरी तुम्ही लिवणास नाय. मगे घाण हातान आणलेली ही जनावरां तुमका कित्याक व्हयी?"

पाहुण्यांतल्या एक वयस्कर बाई विचारत होत्या, "काय म्हणतेय ती?" मी बादली उचलली आणि चालू लागले. मॅडम मागून धावत आल्या, "अगं, प्रयोग आहे, असं काय करतेस," नळापर्यंत आल्या आणि तिथे थांबल्या. मी खडकांवर गेले आणि एकेक सी अर्चिन ज्या फटीतून काढला होता त्या फटीत परत बसवला. बारा. घाई केली नाही. बंगल्याच्या खिडकीतून ते सगळे बघत होते. बघू देत.

नोकरी गेली. ओळ तिथेच आहे. सरांनी ती खोडली नाही, खाली काही लिहिलंही नाही.

आठवड्याने मॅडम बाजारात आल्या. मी आईच्या बाजूला बसून टोपलीवर बर्फ टाकत होते. माझ्याशी नजर न मिळवता त्यांनी आईला नेहमीसारखी सुरमई साफ करायला सांगितली. आणि मग हळूच, खडकात उतरून सी अर्चिन काढून देणारं दुसरं कोणी मिळेल का.

आईने सुरमई उचलली होती. ती तिने परत टोपलीत ठेवली. हात पदराखाली घेतले नाहीत. गुडघ्यांवर, सगळ्यांना दिसतील असे ठेवले.

"माझ्या चेडवाचे हात घाण, असा लिवलास मां वहीत?" ती म्हणाली. "मगे माझ्या हातचा म्हावरा कसा चलता गो तुमका?"

"तसं नाही मावशी, ते सरांनी..."

"सुरमय नाय तुका. आणि खडकात उतराक माणूस पण नाय. जा, साबू खा."

शेजारच्या तीनही बायकांनी आपापल्या टोपल्यांवर फडकी ओढली. मॅडम रिकामी पिशवी घेऊन गेल्या.

एमएस्सीचा अर्ज मी भरलाय. मागच्या कामाच्या रकान्यात ती ओळ मी स्वतः लिहिली आहे, शब्दन्शब्द, सरांच्या नावासकट, आणि खाली माझ्या चार बश्यांचा निकाल, तारीख घालून. विचारणाऱ्याने विचारावं. मुलाखतीला जाताना सकाळी आईची टोपली पोचवणार आणि तसेच हात घेऊन जाणार. कोणी "हात दाखव" म्हणालं तर आधी तुमची नोंदवही दाखवा म्हणेन. आणि नळावर जाणार नाही.